शिकारीच्या बाणाचं टोक आणि इन्सर्ट: १०० ग्रेन, १२५ की आणखी जड?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या वायव्येला, हिल कंट्रीच्या तोंडाशी राहतो. कंपाउंड, म्हणजे चाकांच्या धनुष्याने शिकार करतो. यंदा नवे बाण बांधायला घेतलेत आणि टोकाचं वजन नि इन्सर्ट (बाणाच्या दांडीच्या तोंडात बसवतात तो धातूचा तुकडा, ज्यात टोक आट्यांवर फिरवून बसतं) या दोन गोष्टींवर घोडं अडलंय. इंग्रजीत या विषयावर ढीगभर वाचायला मिळतं, पण त्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो हलका आणि वेगवान बाण, दुसरा म्हणतो शक्य तेवढा जड. मधल्या माणसाने काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. इथे मायदेशातले नि परदेशातले धनुर्धारी आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो.

माझं साहित्य असं. धनुष्याची ओढ ६० पौंड, माझी ओढलांबी साडेअठ्ठावीस इंच. शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, कार्बनची, ३४० स्पाईनची (स्पाईन म्हणजे दांडीचा कडकपणा), आतला व्यास ०.२०४ इंच, म्हणजे दुकानात ज्याला ५ मिमी म्हणतात ती. कापलेली लांबी २८ इंच, वजन इंचाला साडेनऊ ग्रेन (एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन). सध्या १६ ग्रेनचा अ‍ॅल्युमिनियम इन्सर्ट आणि १०० ग्रेनचं टोक लावतो. नॉक (मागची खाच, जी प्रत्यंचेवर बसते) आणि तीन पिसं धरून बाण ४०९ ग्रेन भरतो. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, वेग सेकंदाला २६८ फूट.

सावज मुख्यतः चितळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपलं चितळ १९३२ मध्ये टेक्सासात आणलं गेलं आणि आता या टेकड्यांमध्ये मोकाट वाढलंय. इथल्या कायद्यात ते बाहेरून आलेलं जनावर धरतात, त्यामुळे परवाना काढून, जमीनमालकाच्या संमतीने वर्षभर शिकार चालते. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा धनुष्य हंगाम सुरू होतो. रानडुक्कर बारमाही. शिवाय एका ओळखीच्या गृहस्थांनी दक्षिण टेक्सासमध्ये नीलगाईसाठी बोलावलंय, आणि खरी धास्ती तिचीच आहे.

प्रश्न असे: टोक १०० चं ठेवू की १२५ चं? इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियमचा की पितळी? वजन वाढवलं तर ३४० स्पाईन चालेल का? आणि कार्बनच्या तोंडावर बसवतात ती धातूची कॉलर खरंच लागते का?

पेनसिल्व्हेनियाकर

माळरान, धागा चांगला काढलात. पहिल्यांदा एक गाठ सोडवू. लोक टोक आणि इन्सर्ट यांचा वेगवेगळा विचार करतात. बाणाच्या तोलाच्या दृष्टीने दोन्हींची बेरीज महत्त्वाची, कारण ते वजन जवळजवळ एकाच जागी बसतं.

तुमच्या आकड्यांवरून मी गणित मांडलं. एफओसी, म्हणजे बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे त्याची टक्केवारी. बाण पट्टीच्या कडेवर आडवा तोलायचा. जिथे तो स्थिर राहील तिथपर्यंतचं अंतर नॉकच्या खाचेपासून मोजायचं. त्यातून निम्मी लांबी वजा करायची, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागायचं, शंभराने गुणायचं. लांबी खाचेपासून शाफ्टच्या तोंडापर्यंत धरायची, टोक सोडून. तुमचा आजचा बाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास येतो. फक्त टोक १२५ केलंत तर १४ च्या जवळ. १०० चं टोक आणि ७५ ग्रेनचा पितळी इन्सर्ट घेतलात तर १६. आणि १६ चाच इन्सर्ट ठेवून १५० चं टोक लावलंत तरी १६ च! १२५ चं टोक नि ७५ चा पितळी इन्सर्ट घेतलात तर पावणेअठरा, वजन ४९३ ग्रेन.

मग फरक कशात? फरक आहे तो सांध्याच्या मजबुतीत. वजन ब्रॉडहेडमध्ये, म्हणजे शिकारीच्या पात्यांच्या टोकात, घातलं तर पोलाद जाड होतं, पातं वाकत नाही. इन्सर्टमध्ये घातलं तर इन्सर्ट लांब होतो, कार्बनच्या आत जास्त खोलवर धरतो आणि तिरक्या माऱ्याचा ताण लांब अंतरावर वाटला जातो. माझं मत स्पष्ट आहे. आधी सांधा मजबूत करा, त्यातून येईल ती टक्केवारी घ्या. टक्केवारी गाठण्यासाठी वजन घालत बसू नका.

आमच्या राज्यात हरणासाठी ओढ किमान ३५ पौंड आणि ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच लागते. तुमच्या राज्याचं पुस्तक तुम्ही वाचलंच असेल, पण दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांनी टोक विकत घेण्याआधी तिथला नियम पाहावा.

ऑस्टिनचा_कोल्हापुरी

मी याहून पुढे जाईन. डॉ. एड अ‍ॅशबी यांनी १९८० च्या दशकापासून आफ्रिकेत खऱ्या जनावरांवर बाण किती खोल जातो याचा अभ्यास केला. त्यांच्या क्रमवारीत पहिला क्रमांक बाणाच्या अभंगपणाचा. बाण वाकला, फुटला, टोक तुटलं की बाकी सगळं फुकट. त्यानंतर बाण सरळ उडणं, मग बाकीच्या गोष्टी. जाड हाड फोडायचं असेल तर ६५० ग्रेनच्या वरचा बाण हवा असं ते सांगतात. एफओसी १९ टक्क्यांच्या वर असावी असाही त्यांचा आग्रह आहे.

राव, रानडुकराच्या नराच्या खांद्यावर जे जाड, चिवट कवच असतं ते ज्याने चिरून पाहिलंय त्याला जड बाणाचं महत्त्व सांगावं लागत नाही. सुरी दोनदा घासावी लागते. मी २५० ग्रेनचं दोन पात्यांचं टोक नि १०० ग्रेनचा पोलादी इन्सर्ट वापरतो, बाण ६५० च्या वर जातो. वेग कमी आहे, मान्य. पण बाण आरपार जातो आणि पलीकडच्या मातीत घुसलेला सापडतो.

माळरान

दोघांचे आभार. कोल्हापुरी भाऊ, तुमची ओढ किती? आणि एवढं वजन पुढे घातल्यावर स्पाईन कोणती?

ऑस्टिनचा_कोल्हापुरी

७० पौंड, ओढलांबी ३० इंच. स्पाईन २५०. त्याहून मऊ शाफ्ट जमत नाही.

पेनसिल्व्हेनियाकर

इथेच मेख आहे. ७० पौंड आणि ३० इंचवाल्या माणसाचा बाण साडेअठ्ठावीस इंच नि ६० पौंडवाल्याने जसाच्या तसा उचलायचा नाही. त्यांच्या धनुष्यात साठणारी ताकद बरीच जास्त आहे. त्याच वजनाचा बाण तुमच्या धनुष्यातून इतका हळू जाईल की अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी बाण पोटात किंवा पाठीवरून जाईल.

स्पाईनबद्दल सविस्तर लिहितो, कारण जास्तीत जास्त लोक इथेच फसतात. कार्बन बाणाच्या स्पाईनचा आकडा म्हणजे २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या शाफ्टच्या मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की ती किती वाकते ते, इंचाच्या हजाराव्या भागात. ३४० म्हणजे ०.३४० इंच. आकडा लहान तेवढी शाफ्ट कडक. पण हे झालं स्थिर मोजमाप. धनुष्यातून सुटताना मागून जोर बसतो आणि पुढचं वजन जागचं हलायला तयार नसतं, म्हणून शाफ्ट मधे वाकते. पुढचं वजन जेवढं जास्त तेवढी ती जास्त वाकते. शाफ्ट लांब ठेवली तरी तेच, ओढ वाढवली तरी तेच. म्हणजे त्याच ३४० ला पुढे ७५–८० ग्रेन जास्त लावलेत की ती उडताना मऊ शाफ्टसारखी वागायला लागते.

कंपन्यांचे बरेच तक्ते १०० ग्रेनच्या आसपासचं टोक आणि साधा इन्सर्ट गृहीत धरून बनवलेले असतात. लोक तक्त्यात टोकाचं वजन भरतात, पण इन्सर्ट १६ वरून ७५ वर गेला हे भरायचं विसरतात. बेरीज भरा. तुमच्या ओढीला नि लांबीला ४९३ ग्रेनच्या बाणासाठी ३४० काठावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर ३०० घेतली असती. वजन इंचाला एक-सव्वा ग्रेनने वाढेल, बाण सव्वापाचशेच्या आसपास भरेल. नीलगाईच्या दृष्टीने ते बरंच.

साताऱ्याची_नेमबाज

मी शिकार करत नाही, लक्ष्यावरची तिरंदाजी करते, कंपाउंडच. आमच्याकडे साताऱ्यात आता लहान मुलंही बाणाच्या ग्रेनबद्दल बोलतात. २०२३ मध्ये बर्लिनला आदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले तेव्हापासून तर विचारूच नका.

आमची गरज वेगळी. जागतिक नियमांनुसार कंपाउंडची ओढ ६० पौंडांच्या वर नेता येत नाही, अंतर ५० मीटर, शत्रू म्हणजे वारा. त्यामुळे बारीक शाफ्ट आणि १०० ते १२० ग्रेनची टोकं. पण एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. आम्ही टोक कायमचं चिकटवत नाही. कमी तापमानावर वितळणारा हॉटमेल्ट वापरतो. टोकाला थोडी ऊब दिली की ते निघतं, वजन बदलून पुन्हा बसवता येतं. टोक तापवायचं, शाफ्ट नव्हे. कार्बन जास्त तापला की त्यातलं रेझिन खराब होतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

तर काका, आधी दोन-तीन बाण हॉटमेल्टने बांधा. एकावर हलका इन्सर्ट, एकावर पितळी. टोकं १००, १२५, १५० अशी बदलत मारून पाहा. जो जुळला तो नंतर इपॉक्सीने पक्का करा. तक्ता सुरुवात करून देतो, पण तुमची पकड नि तुमची सोडण्याची पद्धत त्याला माहीत नसते.

माळरान

ताई, हे फार कामाचं. धन्यवाद.

केतकीवन

मला प्रामाणिकपणे विचारायचं आहे. चितळ पाहिलं की आम्हाला ताडोबा, पेंच आठवतं. त्याच्या छातीत किती ग्रेनचा बाण मारायचा हे मराठीत वाचताना पोटात कालवतं. ही चर्चा गरजेची आहे का?

माळरान

केतकीताई, तुमची भावना समजते आणि मी ती हलक्यात घेत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे आणि ती राहावी असं मलाही वाटतं. भारतात कुणी हा धागा वाचून काही करू नये हे इथे ठळकपणे लिहितो. इथली परिस्थिती वेगळी आहे. इथे चितळाला वाघ नाही, बिबट्या नाही. कळप वाढतात आणि नदीकाठची कोवळी झाडं संपवतात, स्थानिक हरणांचा चारा खातात. मारलेलं जनावर आमच्या घरात वर्षभर खाल्लं जातं.

आणि ही चर्चा गरजेची आहे ती नेमकी तुम्ही म्हणता त्या कारणासाठी. चुकीच्या टोकाने जनावर जखमी होऊन रात्रभर झुडपात तडफडतं. बरोबर जुळवलेला बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला तर ते काही सेकंदांत कोसळतं. मला दुसरी गोष्ट हवी आहे, म्हणून एवढ्या बारकाईने विचारतोय.

केतकीवन

पटलं असं म्हणणार नाही, पण उत्तर मनापासून दिलंत. वाचते आहे.

वऱ्हाडी_बाणा

यवतमाळहून लिहितो. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात. रात्रीतून तूर, हरभरा आडवा करते, त्यामुळे शेतकरी म्हणून तिची ओळख चांगलीच आहे. शिकारीचं मला काही ठाऊक नाही, पण जनावर जवळून पाहिलंय. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो. मानेचं नि खांद्याचं कातडं विलक्षण जाड. कुंपणाच्या काटेरी तारेतून ती अशी निघते की तारेवर नुसते केस राहतात. माळरान भाऊ, तुमचं चितळ कितीही मोठं असलं तरी शंभर किलोच्या आतबाहेर. दोघांना एकच बाण कसा चालेल?

लाकडी_धनुष्य

वऱ्हाडी भाऊंचा मुद्दा बरोबर. मी मिनेसोटात रिकर्व्ह वापरतो, ४५ पौंडांचं, चाकं नाहीत, साईट नाही. आम्हा लोकांना वेगाची चैनच नसते, त्यामुळे वजनाचं गणित आधी शिकावं लागतं.

इथे दोन मापं लक्षात घ्या. गतिज ऊर्जा काढायची तर ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पौंडात. संवेग काढायचा तर वजन गुणिले वेग, भागिले २,२५,४००. माळरान यांचा ४०९ ग्रेनचा बाण २६८ ने गेला तर ऊर्जा ६५ आणि संवेग ०.४८६. ४९३ चा केला तर वेग माझ्या अंदाजाने २४६ च्या आसपास येईल. ऊर्जा ६६, म्हणजे जागच्या जागी. संवेग ०.५३८, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त वाढ. कातडं, स्नायू, बरगडी यांतून बाण पुढे सरकत राहतो तो संवेगावर. जड बाण वेग टिकवून धरतो.

इस्टन कंपनीचा एक जुना मार्गदर्शक तक्ता आहे. हरणाच्या आकाराच्या जनावराला २५ ते ४१ फूट-पौंड, एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर यांना ४२ ते ६५, त्याहून दणकट जनावराला ६५ च्या वर. माझं रिकर्व्ह ४५० ग्रेनचा बाण १६५ ने फेकतं, म्हणजे ऊर्जा २७. तेवढ्यात हरणाच्या आरपार बाण जातो. अट दोनच. पातं केस उडवेल इतकं धारदार आणि अंतर कमी. उघडणाऱ्या पात्यांचं मेकॅनिकल टोक मी कधीच लावणार नाही, कारण पाती उघडण्यात जी ताकद जाते ती माझ्याकडे उधळायला नाही.

तेव्हा चितळाला नि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तुमचा आजचा ४०९ चा बाणसुद्धा पुरून उरतो. वजन वाढवायचं कारण डुक्कर आणि नीलगाय.

ऑस्टिनचा_कोल्हापुरी

हरणालाही वाढवावं, आणि त्याचं कारण आवाज. चितळ फार सावध जनावर. प्रत्यंचा सुटल्याचा आवाज ऐकून ते उडी मारण्याआधी पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि बाण पाठीवरून निघतो. आवाज सेकंदाला ११२५ फुटांच्या आसपास जातो. २५ यार्डांवर आवाज पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, २६८ च्या बाणाला पाव सेकंदाहून जास्त. कितीही वेगवान कंपाउंड घेतलंत तरी आवाजाला हरवता येत नाही. मग आवाजच कमी करा. जड बाण धनुष्यातली ताकद जास्त शोषतो, धनुष्य कमी थरथरतं, कमी वाजतं. हाताला लगेच जाणवतं.

पेनसिल्व्हेनियाकर

आवाजाचं मान्य. पण तुमचा मुद्दा एका मर्यादेपर्यंतच. २५ यार्डांवर २६८ चा बाण ०.२८ सेकंदात पोचतो, २४६ चा ०.३०५ मध्ये. तेवढा उशीर कमी आवाजाने भरून निघतो. पण माळरान ६५० ग्रेनवर गेले तर बाण आणखी बराच मागे पडेल आणि साईटच्या पिनांमधलं, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांसाठीच्या नेमाच्या खुणांमधलं, अंतर वाढेल. मोकळ्या माळावर २८ यार्डांचं जनावर ३३ वाटलं तर काय होतं ते सांगायला नको. तुमचं ६५० तुमच्या धनुष्याला शोभतं. यांना ५२५ च्या आसपास थांबावं असं माझं ठाम मत.

ऑस्टिनचा_कोल्हापुरी

नीलगाईच्या खांद्यात लागला तर ५२५ ला मी भरवसा देणार नाही. रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, असताना अंतराचा अंदाज बांधायचाच कशाला?

लाकडी_धनुष्य

खांद्यात मारायचंच नाही. नीलगाईचं हृदय खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायांच्या मधे. पांढऱ्या शेपटीच्या हरणावर नेम धरायची सवय असलेला माणूस तिच्यावर वर नि मागे मारतो. जनावर किंचित पलीकडे तोंड करून उभं असेल, पुढचा पाय पुढे टाकलेला असेल, तेव्हाच सोडा. नाहीतर धनुष्य उतरवा.

माळरान

हे मी वहीत लिहून ठेवलं. आता इन्सर्टकडे येऊ. पितळ की पोलाद, आणि कॉलर?

पेनसिल्व्हेनियाकर

तुमच्या ०.२०४ च्या शाफ्टमध्ये इन्सर्ट पूर्ण आत जातो, तोंडाशी बाहेर कड राहत नाही. टोकाचा दांडा थेट कार्बनच्या भिंतीला टेकतो. याचा फायदा असा की टोक शाफ्टशी एका रेषेत बसतं. तोटा असा की टणक वस्तूवर आदळलं की टोकाची कड कार्बनच्या उघड्या तोंडावर बसते. मी असा एक बाण जपून ठेवलाय. खडकावर लागलेला. टोकाला ओरखडाही नाही, पण तोंडापासून दीड-दोन इंच कार्बन उभा चिरलाय, एक पट्टी नखाने उचलता येते, आणि आतला इन्सर्ट मात्र जागच्या जागी. म्हणजे डिंकही धरून होता, धातूही शाबूत, कार्बनच गेला. त्यावर उपाय कॉलर. अ‍ॅल्युमिनियम, पोलाद किंवा टायटॅनियमची छोटी अंगठी असते, शाफ्टच्या तोंडावर बाहेरून बसते. वजन धातूनुसार. ते बेरजेत धरा.

याहून बारीक, ४ मिमीच्या शाफ्टमध्ये नेहमीच्या ८-३२ आट्याचा इन्सर्ट आत मावत नाही, म्हणून हाफ-आउट येतात, अर्धे आत, अर्धे बाहेर. बाहेरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तिरक्या माऱ्यात तो वाकतो. तिथे पोलाद किंवा टायटॅनियमच घ्यावं. तुमच्या शाफ्टला पितळ पुरेल. पितळ मऊ आहे, पण आत कार्बनने वेढलेलं असल्याने वाकायला जागा नसते. काही पितळी इन्सर्टना मागे तोडता येणारे भाग असतात, ७५ चा तोडून ५० करता येतो. तेच घ्या, प्रयोगाला बरं.

साताऱ्याची_नेमबाज

चिकटवण्याबद्दल मी सांगते, कारण इथेच हयगय होते. शाफ्ट कापल्यावर तोंड काटकोनात घासून घ्यायचं. त्यासाठी छोटं यंत्र मिळतं, बारीक सँडपेपरवर शाफ्ट टेकवून फिरवायची. मग कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आत फिरवायची. पहिली काडी काळीकुट्ट येते, दुसरी करडी, पांढरी येईपर्यंत काड्या बदलायच्या. ही काळी पूड राहिली की इपॉक्सी कार्बनला धरतच नाही, पुडीला धरतो. इन्सर्टही अल्कोहोलने पुसायचा, त्यावर तेलाचा अंश असतो. गुळगुळीत असेल तर सँडपेपरने खरबरीत करायचा.

दोन भागांचा इपॉक्सी समसमान, नीट मिसळायचा. इन्सर्टला पातळ थर लावून तो फिरवत फिरवत आत सरकवायचा, म्हणजे सगळीकडे पसरतो. आटे कोरडे राहिले पाहिजेत. मग बाण तोंड खाली करून उभा ठेवायचा, नाहीतर जास्तीचा डिंक मागे शाफ्टमध्ये ओघळतो आणि प्रत्येक बाणाचं वजन वेगळं येतं. चोवीस तास हात लावायचा नाही. सुकल्यावर टोक बसवून बाण फिरवून पाहायचा. टोकाचं अग्र गोल फिरताना डळमळलं तर तो बाण बाजूला.

आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, मारण्याआधी शाफ्ट दोन्ही हातांनी हलकी वाकवून कान द्यायचा. कटकट आवाज आला तर तो बाण मोडून टाकायचा. तडकलेला कार्बन सुटताना फुटला की त्याच्या सुया धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

लाकडी_धनुष्य

ताईंचं शेवटचं वाक्य प्रत्येक धनुष्याच्या दुकानात भिंतीवर लावावं.

एक भर. दोन पात्यांचं सिंगल बेव्हल टोक घेणार असाल, म्हणजे धार एकाच बाजूने लावलेली, तर त्याची दिशा नि पिसांचा पीळ एकाच बाजूचा हवा. उजवं बेव्हल, उजवा पीळ. ते टोक आत शिरतानाही फिरत राहतं आणि हाडाला पिळा देतं. पीळ उलटा असेल तर शिरताना बाणाला थांबून उलट फिरावं लागतं, ताकद वाया.

माळरान

एवढ्यावर माझं ठरलं ते सांगतो. चितळ, हरीण नि डुक्कर यांच्यासाठी ३०० स्पाईन, १२५ चं टोक, ५० ग्रेनचा पितळी इन्सर्ट, वर कॉलर. बाण ५०० च्या थोडा वर भरेल. नीलगाईसाठी तीच शाफ्ट, इन्सर्ट ७५ चा, टोक १५० चं, दोन पात्यांचं. आधी हॉटमेल्टवर तपासणार. ओढ वाढवायची की नाही ते त्यानंतर पाहू. ६५ पौंड आरामात ओढता येतात, पण तासभर थंडीत बसून सावकाश ओढायची वेळ आली की ते जमेल का हे बघावं लागेल.

एकच शंका राहिली. ब्रॉडहेड लावल्यावर ते फील्ड पॉईंटपासून, म्हणजे सरावाच्या साध्या टोकापासून, वेगळं पडलं तर टोकाचं वजन बदलायचं का?

पेनसिल्व्हेनियाकर

लगेच नाही. आधी दोन्ही टोकं ग्रेनच्या काट्यावर तोलून घ्या. पाकिटावर १२५ लिहिलेलं प्रत्यक्षात दोन-तीन ग्रेन इकडेतिकडे असू शकतं. मग २० यार्डांवरून तीन फील्ड पॉईंट नि तीन ब्रॉडहेड मारा. ब्रॉडहेडचा पुंजका डावीकडे पडत असेल तर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) किंचित उजवीकडे सरकवा, म्हणजे त्याला जिकडे न्यायचंय तिकडे. सरकवायचं ते १/३२ इंचाच्या आसपास, एका वेळी तेवढंच. वर-खाली पडत असेल तर रेस्टची उंची तशीच जुळवा. मग अंतर वाढवत जा. रेस्ट बराच सरकवूनही पुंजके एकत्र आले नाहीत तर स्पाईन जुळलेली नाही असं समजा. तेव्हाच टोक २५ ने कमी करून पाहा, किंवा शाफ्ट अजून लांब असेल तर अर्धा इंच कापा, ती कडक होते.

ऑस्टिनचा_कोल्हापुरी

आणि सरावाच्या टोकाचं वजन शिकारीच्या टोकाएवढंच ठेवा. १५० चं ब्रॉडहेड नि १२५ चं फील्ड पॉईंट असं नको. नीलगाईच्या बाणांना वेगळ्या रंगाचे नॉक लावा, म्हणजे भात्यात हात घातल्यावर अंधारातही सरमिसळ होणार नाही. साईटची टेप, म्हणजे साईटवर चिकटवायची अंतरांच्या खुणांची पट्टी, दोन्ही वजनांसाठी वेगवेगळी काढावी लागेल. माझ्याकडे क्रोनोग्राफ आहे, तुमच्याकडून तास-दीड तासाचा रस्ता. बाण बांधून झाले की व्यक्तिगत निरोप टाका, शनिवारी या, दोन्ही मोजून टेप काढू.